डॉक्टर म्हणतात गर्भपिशवी काढून टाका, सोमवारची तारीख दिलीय. कसं ठरवायचं?

कृष्णाकाठ:
नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. विषय बायकांचा आहे पण त्यात लपवण्यासारखं काही नाही असं मला आता वाटायला लागलंय. माझं वय ४३. मुलगी बारावीला, मुलगा आठवीत. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी असतो, मी पतसंस्थेत कॅशला बसते. दीड वर्ष झालं पाळीत खूप जातंय. पहिले तीन दिवस तर दर दोन तासाला पॅड बदलायला लागतं, गाठी पडतात, काउंटर सोडून सारखं उठता येत नाही म्हणून दोन दोन पॅड लावून बसते आणि तरी उठताना साडीला लागलंय का बघ म्हणून मैत्रिणीला मागे उभं करते. आठ दिवस चालतं. आता जिना चढला तरी धाप लागते, केस गळतात.

मागच्या आठवड्यात शेवटी दवाखान्यात गेले. हिमोग्लोबिन ८.१ आलं. सोनोग्राफीत लिहिलंय की पिशवीला सूज आहे, फायब्रॉईडची एक गाठ ४.२ सेंमीची, अंडाशय दोन्ही नॉर्मल. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, मुलं झालीत ना, आता पिशवीचं काय काम, काढून टाकू, त्यासोबत अंडाशय पण काढून टाकू म्हणजे पुढे कॅन्सरची भीती नको. सोमवारी सकाळी उपाशीपोटी या. सगळं मिळून पाच मिनिटं झाली असतील, बाहेर पंधरा वीस बायका बसलेल्या.

घरी मिस्टर म्हणतात डॉक्टर सांगतायत तर करून टाकू, रजेचं बघू. सासूबाईंची पस्तिशीत काढलेली, जाऊबाईंची दोन वर्षांपूर्वी काढली. आई मात्र फोनवर रडायला लागली, थांब म्हणते, पण का थांबायचं ते तिलाही सांगता येत नाही.

मला पिशवीची माया वगैरे नाही. रक्त थांबलं पाहिजे एवढंच पाहिजे. पण अंडाशय नॉर्मल आहे असं लिहिलंय तर ते का काढायचं हे मला तिथे विचारायचं होतं आणि तोंडातून शब्दच फुटला नाही, डॉक्टरांना उलटं विचारल्यासारखं होईल असं वाटलं. फेब्रुवारीत मुलीची परीक्षा आहे. हे असं ठरवायचं कोणी आणि काय काय बघून? ज्या यातून गेल्या असतील त्यांनी प्लीज सांगा.

अबोली७८:
ताई, सोमवारी जाऊ नका. आधी एवढं लिहिते मग बाकीचं सांगते.

माझी ३६ व्या वर्षी काढली. मला तर जास्त जात पण नव्हतं. अंगावर पांढरं जायचं आणि कंबर दुखायची. आतून तपासलं आणि सांगितलं की पिशवीच्या तोंडाला जखम आहे, आज ना उद्या कॅन्सर होईल. कॅन्सर म्हटल्यावर कोण थांबतंय, आम्ही सोनं मोडलं आणि आठ दिवसात ऑपरेशन करून मोकळं झालो. पॅप टेस्ट नावाची साधी तपासणी असते, तोंडाजवळचा स्त्राव घेऊन काचेवर बघतात, ती सुद्धा केली नव्हती हे मला नंतर कळलं. आणि ज्याला जखम जखम म्हणतात तो लालसरपणा कित्येक बायकांना असतो आणि तो कॅन्सर नसतो, हे मला पाच वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून सांगितलं.

ऑपरेशननंतर दोन महिन्यातच अंगातून वाफा निघायला लागल्या, रात्री घामाने उशी भिजायची, झोप नाही, चिडचिड अशी की मुलं माझ्याजवळ यायला घाबरायची. मला वाटलं मला वेड लागतंय. डिस्चार्ज कार्ड कपाटातच पडून होतं, त्या डॉक्टरीणबाईंनी वाचलं तेव्हा समजलं की दोन्ही अंडाशय पण काढलेत. मला कोणी सांगितलंच नव्हतं, की सांगितलं असेल पण ते कळेल असं सांगितलं नव्हतं. आज ४७ ची आहे, हाडं साठीच्या बाईसारखी झालीत असा रिपोर्ट आहे. आणि कंबर? ती अजून दुखतेच.

तुमचं तसंच होईल असं म्हणत नाही. तुम्हाला खरंच गाठ आहे, खरंच रक्त जातंय. पण मी जे विचारलं नाही ते तुम्ही विचारा.

माजलगावकर:
वरचं वाचून पोटात कालवलं. मी बीडकडची, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसोबत काम करते म्हणून थोडं त्या बाजूचं लिहिते.

२०१९ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं ते याच कारणाने. शासनाने समिती नेमली, नीलम गोऱ्हे ताई अध्यक्ष होत्या, ८० हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांपेक्षा जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी तिशीतल्या. बाहेरच्यांना वाटलं की एकतर डॉक्टर लुटारू किंवा बाया अडाणी. तसं सरळ नाहीये हो. नवरा बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापतात. फडात पाणी नाही, आडोसा नाही, पाळीचं कापड बदलायला जागा नाही, त्यातून जंतुसंसर्ग, त्यातून पांढरं जाणं, पोट दुखणं. अशी बाई दवाखान्यात गेली की पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणं तिला परवडतच नाही. एकदाच काय ते उरकून टाका असं ती स्वतःच म्हणते. मग हा निर्णय तिने घेतला म्हणायचा का? कागदावर अंगठा तिचाच असतो. पण तिच्यापुढे दुसरा कुठला रस्ता ठेवलाच नव्हता तर त्याला निवड कसं म्हणायचं, मला तरी म्हणवत नाही.

त्यानंतर खाजगी दवाखान्यांवर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचं बंधन आलं. पुढे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सगळ्या राज्यांना सांगितलं की अनावश्यक पिशवी काढण्याबद्दल केंद्राच्या ज्या सूचना आहेत त्या लागू करा. ती याचिका राजस्थानातल्या डॉ. नरेंद्र गुप्तांची होती, म्हणजे एका डॉक्टरांनीच लढलेली. त्यामुळे सगळे डॉक्टर सारखे असंही मी म्हणणार नाही.

ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, पगार आहे, रजा मिळते. तुमच्याकडे थांबून विचारायची सोय आहे. ती वापरा.

डॉ_कुंडलिका:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ, तालुक्याच्या गावात २३ वर्षं प्रॅक्टिस. पेशंटला न तपासता उपचार सांगता येत नाहीत, त्यामुळे हे सगळं तुमच्या डॉक्टरांसमोर बसताना डोक्यात ठेवायचं एवढ्यासाठीच. मोठं होणार आहे, वेळ काढून वाचा.

आधी सोमवारचं. तो त्यांचा ऑपरेशनचा दिवस असणार, तुमच्या आजाराला सोमवारची घाई नाही. ४ सेंमीची फायब्रॉईड फुटत नाही आणि आठवड्याभरात बिघडत नाही. फायब्रॉईड म्हणजे स्नायूची गाठ, ती कॅन्सरची असणं अगदी क्वचित. घाई कशाची आहे तर हिमोग्लोबिनची. ८ म्हणजे तुमचं शरीर ओढत नेतंय. ऑपरेशन करायचं ठरलं तरी बहुतेक भूलतज्ज्ञ आधी ते वाढवा असंच म्हणतील. लोहाच्या गोळ्या सोसत नसतील तर लोहाचं सलाईन मिळतं, दोन तीन आठवड्यात फरक दिसतो. गोळ्या घेत असाल तर चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. आणि खूप जात असतं त्या दिवसांसाठी रक्त जाणं कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या असतात, फक्त पाळीच्या तीन चार दिवसात घ्यायच्या, बऱ्याच जणींचं जाणं साधारण निम्म्यावर येतं. पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत कधी गुठळी झाली असेल तर मात्र त्या चालत नाहीत, तसं असेल तर आधी सांगायचं.

म्हणजे एक गोष्ट लगेच सुटते, विचार करायला दोन तीन महिने मिळतात.

आता ठरवायच्या आधी कळायला पाहिजे असं काय आहे. गाठ नेमकी कुठे आहे? बाहेरच्या अंगाला असेल तर रक्त जाण्याशी तिचा बहुधा संबंधच नसतो. पोकळीत डोकावत असेल तर छोटी असली तरी तीच गुन्हेगार, आणि तशी गाठ कितीतरी वेळा खालून दुर्बीण घालून काढता येते, पोटावर टाकाच पडत नाही. तुमच्या रिपोर्टवरून हे कळत नाहीये, सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना विचारा. दुसरं, चाळिशीनंतर इतकं जात असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवायचाच. ते न करता पिशवी काढणं मला पटत नाही, कारण अस्तरात काही निघालं तर ऑपरेशनच वेगळ्या पद्धतीने करायला लागतं. तिसरं थायरॉईड, साधी रक्ताची तपासणी, कितीतरी जणींना जास्त जाण्याचं कारण तिथे सापडतं.

पर्याय म्हणाल तर गोळ्या आहेत, आत बसवायची हार्मोनची कॉपर टीसारखी दिसणारी टी आहे, नुसती गाठ काढता येते, गाठीचा रक्तपुरवठा बंद करायचं तंत्र मोठ्या शहरात मिळतं, आणि पिशवी काढणं आहेच. पिशवी काढणं वाईट नाही, मी पण करते, पण त्या यादीत ते सगळ्यात शेवटी येतं.

त्या टीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण ती आपल्याकडे सांगितलीच जात नाही. त्यात ५२ मिग्रॅ हार्मोन असतं, ते हळूहळू तिथल्या तिथे सुटतं, अस्तर पातळ राहतं आणि पाळी अगदी थोडी होते, काहींची बंदच होते. एकदा बसवली की पाच वर्षं. फिनलंडमध्ये यावर फार चांगला अभ्यास झालाय, खूप रक्त जाणाऱ्या २३६ बायका घेतल्या, चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून निम्म्यांना टी आणि निम्म्यांची पिशवी काढली. पाच वर्षांनी दोन्हीकडच्या बायकांचं आयुष्य सारखंच बरं होतं, समाधानही सारखंच. पण टी बसवलेल्यांपैकी ४२ टक्के बायकांनी त्या पाच वर्षात शेवटी पिशवी काढून घेतली. आता हा आकडा तुम्ही कसा वाचता? माझी एक पेशंट म्हणाली, म्हणजे निम्म्यांच्या वर वाचल्या की. दुसरी म्हणाली, एवढी खटपट करून परत कापायचंच असेल तर मला आत्ताच करून द्या. दोघींचं बरोबर आहे. इथे माझी डिग्री संपते आणि पेशंटचं आयुष्य सुरू होतं, कारण तिला काय सोसवतं ते मला पुस्तकातून कळणार नाही.

तुमचं वय पण बघायला पाहिजे. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते. पाळी गेली की फायब्रॉईड आपोआप आकसतात. म्हणजे तुम्हाला तीन चार वर्षांचा पूल बांधायचाय. तिशीतल्या बाईचा हिशोब वेगळा झाला असता.

अंडाशयाचं मात्र स्पष्ट सांगते. पंचेचाळिशीच्या आत, घरात अंडाशयाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास नसताना, नॉर्मल अंडाशय काढायला सहसा कारण नसतं. ते काढले की दुसऱ्या दिवसापासून पाळी गेलेल्या बाईचं शरीर होतं, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अबोलीताईंनी वर जे भोगलंय ते हेच. तुम्हाला तो प्रश्न पडला तो योग्यच होता.

आणि आमच्या बाजूचं पण ऐका. माझ्या ओपीडीत सकाळी ४० पेशंट असतात. मी पर्याय सांगायला बसले की निम्म्या बाया म्हणतात, बाई तुम्हीच काय ते सांगा, आम्हाला काय कळतंय. टी बसवली आणि पहिले चार सहा महिने मधूनमधून डाग पडत राहिले की घरचे येऊन विचारतात हे काय करून ठेवलंत. आणि हे डाग आपल्या घरांमधे लहान गोष्ट नाही. ज्या घरात पाळीत देवाला शिवायचं नसतं, गौरी गणपती, नवरात्र, तिथे सहा महिने अधूनमधून डाग म्हणजे बाईची रोजची कुचंबणा. फक्त या एका कारणाने टी नको म्हणणाऱ्या बायका मी बघितल्यात आणि ते कारण मी कधी खोडून काढत नाही. मी आधी विचारते, घरी कसं असतं तुमच्याकडे? घाईत हे विचारायचं राहून जातं आणि मग चुकीचा उपचार बरोबर पेशंटला दिला जातो. घाई ही आमची चूकच, पण तुम्ही विचारलंत तर ती आमच्या पण लक्षात येते.

रानजाई:
मी उलट्या बाजूची. ४६ व्या वर्षी काढली, मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. माझी गाठ नव्हती, पूर्ण पिशवीच जाड झालेली आणि पाळीत कळा अशा की जमिनीवर लोळायचे. दोन वर्षं गोळ्या झाल्या, ती टी पण बसवली, चार महिन्यात स्वतःहून पडली. मग मीच डॉक्टरांना म्हटलं आता बास. खालूनच काढली, पोटावर टाका नाही, अंडाशय ठेवले. सहा आठवडे वजन उचललं नाही. पुढच्या वर्षी हरिश्चंद्रगड चढले, कित्येक वर्षांनी पाळीची तारीख न बघता ट्रेक ठरवला.

वरचं सगळं वाचून कोणी असं समजू नये की पिशवी काढली म्हणजे फसवणूकच झाली. फरक एवढाच की मला प्रत्येक पायरीला माहीत होतं काय चाललंय.

कोर्टकचेरी:
पुरुष आहे, इथे लिहावं का नाही विचार करत होतो, पण संमतीच्या कागदाचा विषय निघालाय म्हणून. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा म्हणून २००८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. ४४ वर्षांची अविवाहित बाई, दिल्लीतली, तिने सही केली होती ती दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी. ती भुलेत असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेतली आणि पिशवी आणि अंडाशय काढून टाकले. कोर्टाने म्हटलं, तपासणीला दिलेली संमती उपचाराला चालत नाही, जिवाला तातडीचा धोका नसेल तर बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबायला पाहिजे होतं, सज्ञान आणि सुबुद्ध पेशंटच्या वतीने आईची सही चालत नाही. आणि संमती घेताना उपचार काय, कशासाठी, धोके काय, दुसरे पर्याय कुठले, आणि उपचार नाही केला तर काय, एवढं पेशंटला कळेल असं सांगायला पाहिजे.

मला त्यातला पर्यायांचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वहिनी, सहीसाठी नवऱ्याला बोलावतील, त्याने केली तरी हरकत नाही, पण तुमची सही तुमचीच. फॉर्मवर ऑपरेशनचं नाव लिहिलेलं असतं ते वाचा, अंडाशयासहित असेल तर तसं लिहिलेलं असतं, नको असेल तर तिथेच खोडायला सांगा. कोरा फॉर्म असेल तर सही करूच नका. आणि केसपेपरच्या कॉपी मागा, लेखी मागितल्यापासून ७२ तासात द्यायचा नियम आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्कच आहे, त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

लेस्टरकर:
इथे इंग्लंडमधे गायनॅक वॉर्डला नर्स आहे, मूळची कराडची, म्हणून कृष्णाकाठ नाव बघून थांबले. इथली जी सरकारी मार्गदर्शक सूचना आहे त्यात ३ सेंमीपेक्षा लहान गाठ असेल तर पहिल्यांदा ती हार्मोनची टी सांगतात. तुमची ४.२ आहे म्हणजे तुम्ही पुढच्या गटात जाता, तिथे टी, गोळ्या, गाठ काढणं, रक्तपुरवठा बंद करणं, पिशवी काढणं हे सगळे पर्याय समोर ठेवायचे आणि बाईला विचारायचं. डॉक्टर कुंडलिका म्हणतात त्याच्याशी जुळतंय.

पण इथे पण हे आपोआप झालेलं नाही बरं का. २०१५ पर्यंत इथल्या कोर्टात पण बहुतेक हेच बघायचे की बाकीच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं असतं का. मग माँटगोमेरी म्हणून स्कॉटलंडमधल्या एका बाईची केस झाली, तिला डायबेटिस होता, बाळ मोठं होतं, नॉर्मल डिलिव्हरीत बाळाचे खांदे अडकण्याचा धोका डॉक्टरांना माहीत होता पण तिला सांगितला नाही, बाळाला कायमचं अपंगत्व आलं. त्यानंतर कायदा असा झाला की या पेशंटला काय महत्त्वाचं वाटलं असतं ते बघून सांगायचं. डॉक्टरला काय सांगावंसं वाटलं ते पुरत नाही.

आमच्या वॉर्डला बायकांना आम्ही काही प्रश्न लिहून आणायला सांगतो, फायदा काय, धोका काय, दुसरं काय करता येईल, आणि काहीच केलं नाही तर काय होईल. हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि उत्तर बरेचदा त्यातच असतं. कागदावर लिहून न्या ताई. तोंडातून शब्द फुटत नाही म्हणालात ना, मला पण आईच्या वेळी कराडला फुटला नव्हता आणि मी तेव्हा नर्स होते. कागद असला की डॉक्टर पण जरा थांबतात. आणि एक माणूस सोबत न्या जो नुसतं ऐकेल आणि लिहून घेईल.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे किती आभार मानू. अबोलीताई, तुमचं वाचून रात्रभर झोप नाही लागली, पण बरं झालं लिहिलंत. मिस्टरांना पूर्ण धागा मोबाईलवर वाचायला दिला. ते काही बोलले नाहीत, सकाळी म्हणाले सोमवारचं फोन करून पुढे ढकलतो, आपण मिरजेला अजून एका डॉक्टरांना दाखवू. डॉक्टर कुंडलिका, तुम्ही जे घरी कसं असतं विचारलंत ना, ते आमच्याकडे आहेच, सासूबाईंचं देवाचं कडक आहे. ते असं कोणी कधी दवाखान्यात विचारेल असं मला वाटलंच नव्हतं.

डॉ_कुंडलिका:
मिरजेला जाताना सोनोग्राफीची फिल्म पण न्या, नुसता रिपोर्ट नको. आणि पाळी किती दिवस, दिवसाला किती पॅड, रक्ताच्या गाठी केवढ्या हे एका महिन्याचं लिहून न्या. खूप जातं एवढंच सांगितलं तर आम्हाला अंदाज येत नाही.

कृष्णाकाठ:
पाच आठवड्यांनी परत आलेय, उशिराबद्दल सॉरी. वेळ लागला पण सांगते सगळं.

मिरजेच्या डॉक्टरांनी परत सोनोग्राफी केली, गाठ भिंतीत आहे, पोकळीत आलेली नाही. तुकडा तपासला, नॉर्मल आला. थायरॉईड निघालं, त्याची गोळी सुरू केली. लोहाचं सलाईन दोनदा घेतलं, आता हिमोग्लोबिन १०.६ आहे आणि परवा बँकेचा जिना न थांबता चढले. कागद नेला होता, पाच प्रश्न. मिस्टर लिहून घेत होते. डॉक्टरबाईंनी सगळे पर्याय सांगितले आणि म्हणाल्या आज ठरवू नका. मी काहीच केलं नाही तर, हा पण विचारला. म्हणाल्या गाठीने जिवाला काही होणार नाही, पण रक्त असंच जात राहिलं तर आपण पुन्हा ८ वर येऊ, म्हणून काहीच न करणं तुम्हाला परवडणार नाही.

मग घरी बसलो. माझं म्हणणं होतं की फेब्रुवारीपर्यंत मला आडवं पडायचं नाही, आणि पुढे पण शक्यतो कापायचं नाही. गोळ्यांनी दोन पाळ्या बऱ्या गेल्यात, पण दर महिन्याला दोन तीन वर्षं त्या मोजत बसायच्या याचा पण कंटाळा आला. टी बसवायची म्हटलं तर ते डागांचं. ते सासूबाईंसमोरच निघालं, मी मान खाली घालून बसलेले. मिस्टर म्हणाले सहा महिने देवाची पूजा मी करतो, नैवेद्य पण मीच दाखवतो. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, माझ्या वेळी असं काही असतं तर. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

मागच्या शुक्रवारी टी बसवली. डाग आहेत, पोटात थोडं दुखतं, चालतंय. पुढे नाहीच जमलं तर उन्हाळ्यात ऑपरेशन करू, तेव्हा मला वाईट वाटणार नाही असं आत्ता तरी वाटतंय. पहिल्या डॉक्टरांवर माझा राग पण नाही, फक्त त्यांनी मला अजून पाच मिनिटं द्यायला पाहिजे होती.

एक विचारायचं राहिलं. अबोलीताईंचं वाचून जाऊबाईंचं डिस्चार्ज कार्ड काढून बघितलं. त्यावर दोन्ही अंडाशय काढल्याचं लिहिलंय. तिला माहीतच नव्हतं. तिचं वय आत्ता ३९ आहे, दोन वर्षं झाली ऑपरेशनला, तिला पण घाम आणि झोप नाही असं चालू आहे आणि आम्ही सगळे तिला उगाच चिडचिडी म्हणायचो. तिच्यासाठी आता काही करता येतं का?

डॉ_कुंडलिका:
येतं, नक्की येतं. इतक्या लहान वयात अंडाशय गेले असतील तर बहुतेकींना निदान नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोन देता येतात, घाम आणि झोपेला आराम पडतो आणि हाडं पण सांभाळली जातात. स्तनाचा कॅन्सर किंवा गुठळीचा इतिहास असेल तर विचार करायला लागतो. हाडांची डेक्सा तपासणी, व्हिटॅमिन डी, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल एवढं करून घ्या. तुमच्या टीच्या तपासणीला चार ते सहा आठवड्यांनी जालच, तेव्हा जाऊबाईंना सोबत घेऊन जा. डिस्चार्ज कार्ड न्या, आणि काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट त्यांच्याकडे नसेल तर आधीच्या दवाखान्यातून लेखी मागून घ्या.

अबोली७८:
जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. मला मेसेज करायला सांगा, कधीही, रात्री झोप नसते तेव्हा सुद्धा.